हद्द कोणाची, दाद कोणाकडे?

यमुनेच्या पूर्वतीरावर, निजामुद्दीनचा पूल ओलांडून नोएडाच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे लागणारी मयूर विहार ही वसाहत दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली घरे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि त्यांच्या गर्दीतही आपले नाव टिकवून राहिलेली चिल्ला, कोटला यांसारखी जुनी गावे, यांची मिळून झालेली आहे. तिच्या शेजारीच पटपडगंज आहे, आणि मराठी वाचकास ते नाव सर्वस्वी अपरिचित नसावे. कारण ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने लुई बूर्कं या फ्रेंच सरदाराच्या हुकमतीखालील दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, आणि बादशहाच्या नावाने चालणारा दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हातून कंपनी सरकारच्या हाती गेला. मराठ्यांच्या दृष्टीने तो दिवस दुर्दैवाचा खरा. परंतु त्यानंतर पटपडगंजच्या रयतेने आपली फिर्याद कोणापुढे न्यावी, याविषयी निदान संशय उरला नाही. आजच्या मयूर विहारातील रहिवाशास तेवढीही निश्चिती लाभलेली नाही.

त्याच्या घरापुढील रस्ता साठ फुटांहून अरुंद असेल तर तो महानगरपालिकेचा, त्याहून रुंद असेल तर दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा. नळाचे पाणी आणि मैलावाहिनी दिल्ली जल बोर्डाची. काही बागा प्राधिकरणाच्या तर काही महानगरपालिकेच्या. वीज खाजगी वितरण कंपनीची. पोलीस केंद्र सरकारच्या गृहखात्याचे. आणि थोडे पूर्वेस सरकले की राज्यच बदलते व उत्तर प्रदेशाची सरहद्द लागते. यांपैकी प्रत्येकाने तक्रार स्वीकारण्याची स्वतंत्र तजवीज केलेली आहे. महानगरपालिकेचे ‘३११’ नावाचे ॲप आहे, तिचा १५५३०५ हा दूरध्वनी क्रमांक आहे, जल बोर्डाचा १९१६ आहे. सारांश, तक्रार ऐकणाऱ्यांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो, ऐकलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे त्या खात्याच्या बाहेर उभे राहून पाहणाऱ्याचा. ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढा शेरा मारला की कारकुनाच्या दप्तरी ती तक्रार निकालात निघते, आणि तक्रारदाराच्या दारापुढील पाणी मात्र आपल्या जागी तसेच उभे राहते.

हा विनोदाचा विषय राहिला असता तर बरे झाले असते. ३१ जुलै २०२४ च्या सायंकाळी दिल्लीत मुसळधार पाऊस झाला. मयूर विहार फेज ३ च्या बाजूस, गाझीपूर भागात रस्त्यावर पाणी भरले आणि कडेचा, बांधकाम चालू असलेला उघडा नाला त्या पाण्याखाली दिसेनासा झाला. त्यात पडून एक तरुण स्त्री आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा बुडून मेले. पुढील दिवसांत जो वाद माजला तो नाला उघडा का ठेवला याविषयी जितका होता, तितकाच तो नाला महानगरपालिकेचा की विकास प्राधिकरणाचा याविषयी होता. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले, आणि तेथेही दोन्ही संस्थांची बोटे एकमेकींकडेच वळलेली दिसली. एका नाल्याची मालकी ठरविण्यासाठी दोन जीव आणि एक उच्च न्यायालय खर्ची पडावे, ही गोष्ट राजधानीस भूषणावह नाही. ही हद्द त्या पावसाच्या आधी, एखाद्या साध्या अर्जावरून, बांधून देण्याचा अधिकार ज्याच्यापाशी असेल असा कोणी अधिकारी त्या शहरात असावयास हवा होता.

असा अधिकारी ही कविकल्पना नव्हे. पोल्तावाच्या रणांगणावर १७०९ साली रशियाकडून पराभूत होऊन तुर्की सुलतानाच्या आश्रयास जाऊन राहिलेला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याला, आपल्या अनुपस्थितीत आपले अंमलदार कायद्याप्रमाणे वागतात की नाही याची धास्ती वाटली, आणि १७१३ साली त्याने परदेशातूनच हुकूम काढून त्यांच्यावर देखरेख ठेवणारा एक श्रेष्ठ अधिकारी नेमविला. तो अर्थातच राजाचा माणूस होता. पुढे शंभर वर्षांच्या आत, १८०९ च्या स्वीडिश राज्यघटनेने हेच काम राजाकडून काढून संसदेने निवडलेल्या अधिकाऱ्याकडे दिले, आणि ज्याला आज जगभर ऑम्बुड्समन म्हणतात त्या पदाचा खरा जन्म तेव्हा झाला. डेन्मार्कने ते १९५५ साली आणि न्यूझीलंडने १९६२ साली स्वीकारले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट इंग्लंडात घडली. तेथे १९७४ च्या कायद्याने केवळ स्थानिक संस्थांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींसाठी निराळे आयुक्त नेमण्यात आले, आणि त्यांनी तपासावयाचे ते निर्णयाचे शहाणपण नसून निर्णय घेण्याची रीत, म्हणजे अक्षम्य दिरंगाई, पक्षपात, चुकीची माहिती देणे, पत्राला उत्तरच न देणे, असे ठरले. त्या कायद्यात एक खोड होती, ती अशी की नागरिकाने आपली तक्रार प्रथम नगरसेवकाच्या हवाली करावी आणि त्याने ती आयुक्ताकडे पाठवावी. ज्याच्या कारभाराविरुद्ध बोलावयाचे त्याच्याच हाती अर्ज द्यावयाचा, यातील विपर्यास लक्षात यावयास इंग्रजांसारख्या व्यवहारी लोकांनाही १९८८ साल उजाडावे लागले; त्यानंतर आयुक्ताचे दार नागरिकास थेट उघडे झाले. पुढे कॅनडातील माँट्रियल शहराने २००२ साली खास आपल्या महापालिकेसाठी असे पद निर्माण केले.

आपल्याकडे या कल्पनेचा उच्चार १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत होऊ लागला. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी तिचा पुरस्कार केला. १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लोकसभेत तिला ‘लोकपाल’ हे नाव दिले. आणि मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने ऑक्टोबर १९६६ च्या आपल्या अंतरिम अहवालात मंत्री व सचिव यांच्यासाठी लोकपाल आणि इतरांसाठी लोकायुक्त अशी द्विविध योजना सुचविली. केंद्रात लोकपालाचे विधेयक प्रथम १९६८ साली आले, आणि पहिल्या लोकपालाची नेमणूक झाली ती २०१९ साली! या अर्धशतकाविषयी अधिक न लिहिणे हेच सौजन्याचे होईल. महाराष्ट्राने मात्र दिल्लीची वाट पाहिली नाही. १९७१ साली येथे लोकायुक्त व उपलोकायुक्त यांचा कायदा झाला आणि १९७२ साली ती संस्था प्रत्यक्ष काम करू लागली. देशात ती पहिली.

महाराष्ट्राच्या त्या कायद्यातील एक भेद सामान्य वाचकाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. अधिकाऱ्याने लाच घेतली, पदाचा गैरवापर केला, आप्तेष्टांचे हित साधले, असे म्हणणे हा झाला ‘आरोप’. अधिकाऱ्याने पैसा घेतला नाही, कोणाचे वाईटही चिंतिले नाही, केवळ कागद नऊ महिने टेबलावर ठेवला, नियमाचा भलताच अर्थ लावला, किंवा शेजाऱ्यास दिलेली सवलत कारण न सांगता आपल्याला नाकारली, असे म्हणणे ही झाली ‘गाऱ्हाण्या’ची तक्रार. १९७१ च्या कायद्याने या दोहोंचीही चौकशी करण्याचा अधिकार दिला. त्यामुळे निवृत्त शिक्षकाचे अडलेले निवृत्तिवेतन हाही त्या उच्चासनाचा विषय होऊ शकला. याउलट दिल्लीचा लोकायुक्ताचा कायदा १९९५ चा. त्याच्या कक्षेत मुख्यमंत्री, मंत्री, आमदार यांच्या जोडीला महानगरपालिकेचे सदस्यही येतात, ही स्तुत्य गोष्ट. पण तो केवळ आरोपांपुरता आहे. म्हणजे मयूर विहारातील नगरसेवकाने भ्रष्टाचार केला असे प्रतिज्ञापत्रावर सांगावयाची तयारी असेल तर त्या रहिवाशास जावयास जागा आहे. पण नाला उघडा आहे, आणि तो कोणी झाकावयाचा हे कोणी सांगत नाही, एवढेच त्याचे म्हणणे असेल तर त्या दारावरून त्याला परतावे लागते. वस्तुतः शंभरांतील बहुतेक नागरी दुःखे या दुसऱ्या जातीची असतात. त्यांत खलनायक नसतो. नुसती ढिलाई असते, आणि ढिलाईवर प्रतिज्ञापत्र कसे करावे?

दिल्लीने दुसरे उपाय केले नाहीत असे नाही. १९९७ साली तेथे लोकतक्रार आयोग स्थापन झाला, पण त्याचा पाया शासकीय ठरावाचा, कायद्याचा नव्हे. २०११ साली नागरिकांस ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा झाला; त्याअन्वये दाखला किंवा परवाना मिळण्यास विलंब झाला तर दिवसाला १० रुपये आणि फार तर २०० रुपये भरपाई ठरली. विसाव्या दिवशी शासनाचा पश्चात्ताप संपतो, आणि एकविसाव्या दिवसापासूनची दिरंगाई फुकट पडते. आणि यापेक्षाही विलक्षण गोष्ट अशी की, याच मयूर विहारात विजेचे बिल चुकीचे आले तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे प्रथम वितरण कंपनीचा तक्रार निवारण मंच आणि त्याच्याही वर, कंपनीशी काही संबंध नसलेला विद्युत लोकपाल हजर आहे. बँकेने खात्यातून अवाजवी रक्कम कापली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. विमा कंपनीने दावा नाकारला तर विम्याचा लोकपाल आहे. रस्ता, कचरा, नाला, बांधकामाचा परवाना, यांच्यासाठी मात्र तसा कोणी नाही. ज्या व्यवहारात नागरिक निदान विमा कंपनी किंवा बँक बदलू तरी शकतो, तेथे त्याला संरक्षण. आणि जेथे नगरपालिका बदलण्यास त्याला घरच बदलावे लागते, तेथे तो उघडा.

येथे मयूर विहाराविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिल्लीतील मल्याळी लोकांची फार मोठी वस्ती या भागात आहे, आणि तेथील उत्तर गुरुवायूरप्पनाचे मंदिर सर्व दिल्लीत प्रसिद्ध आहे. आता, हिंदुस्थानात स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र ऑम्बुड्समन कायद्याने नेमणारे ठळक राज्य कोणते म्हणाल, तर ते केरळ. १९९९ साली तेथील पंचायत राज कायद्यात दुरुस्ती झाली, २००० साली सात सदस्यांचे मंडळ नेमले गेले, आणि सात डोकी एकत्र बसण्यास लागणारा वेळ अनुभवास येताच पुढल्याच वर्षी त्याच्या जागी उच्च न्यायालयाचा एकच निवृत्त न्यायाधीश आला. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्व संस्थांचे निर्वाचित सदस्य व नोकर त्याच्या कक्षेत येतात. आरोप आणि गाऱ्हाणे दोन्ही तो ऐकतो. साक्षीदार बोलाविण्यास त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. आणि केवळ शिफारस करून न थांबता नुकसानभरपाई देववणे, बुडालेली रक्कम वसूल करविणे, राहून गेलेले काम करावयास लावणे असे हुकूम तो देऊ शकतो. तेव्हा त्रिचूरच्या किंवा पालघाटच्या ज्या गृहस्थाने नोकरीनिमित्त दिल्लीची गाडी धरली, त्याने आपल्या गावच्या नारळाबरोबर हा एक हक्कही मागे ठेवला.

हे पद सर्व देशभर व्हावे अशी शिफारस वीरप्पा मोईली यांच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली केली. त्यानंतर तेराव्या वित्त आयोगाने तिला पैशाची जोड दिली. त्या आयोगाचे अध्यक्ष विजय केळकर होते, आणि एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या या कामगिरीची मराठीत व्हावी तितकी चर्चा झाली नाही. स्थानिक संस्थांना २०१० ते २०१५ या काळात मिळावयाच्या अनुदानाचा एक भाग त्यांनी कामगिरीशी बांधला, आणि तो मिळविण्यासाठी घातलेल्या अटींत, लोकप्रतिनिधी व अधिकारी या दोघांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या आणि गैरकारभाराच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र ऑम्बुड्समन नेमण्याची अट होती. उपदेशाने जे होत नाही ते तिजोरीच्या किल्लीने होते, हे अर्थशास्त्रज्ञास ठाऊक असणारच. परंतु वित्त आयोगाचा विचार राज्यांपुरता चालतो. दिल्ली केंद्रशासित, म्हणून ही किल्ली तिच्या कुलपास लागलीच नाही.

आता या पदावर बसणाऱ्याने करावयाचे काय, हे पाहू. कचरा उचलविणे हे त्याचे काम नव्हे. ते आरोग्य निरीक्षकाचे. रोज आलेल्या तक्रारींची यादी लावून त्या खात्याखात्यांना वाटणे हेही त्याचे काम नव्हे, ते यंत्रही करते. एकाच तऱ्हेची तक्रार एकाच प्रभागातून वारंवार का येते, ‘निकाली’ म्हणून नोंदलेली प्रकरणे खरोखर निकाली निघाली काय, झोपडीवर हातोडा ज्या तत्परतेने पडतो ती तत्परता बड्या दुकानदाराच्या अतिक्रमणापुढे कोठे जाते, आणि दोन संस्थांच्या मधल्या भूमीचा धनी कोण, हे विचारणे व त्याचे उत्तर कागदावर सही करून देणे, हे त्याचे काम. यासाठी त्याला महानगरपालिकेचे प्रत्येक दप्तर उघडता आले पाहिजे. तपासासाठी स्वतःची माणसे हवीत, कारण ज्या खात्याची चौकशी करावयाची त्याच खात्याचा उसना अभियंता घेऊन चौकशी होत नाही. आणि अर्ज लिहिण्याचे ज्याला सुचत नाही किंवा साधत नाही अशाच्या बाबतीत, कोणी न सांगताही, हात घालण्याची मुभा हवी. गाझीपूरच्या त्या नाल्याविषयी कोणी रीतसर अर्ज केला होता की नाही, हा प्रश्न त्या मायलेकांच्या बाबतीत गैरलागू आहे.

त्याचा निकाल बंधनकारक असावा की तो शिफारशीपुरता असावा, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. शिफारशीच्या अधिकाराला हसणाऱ्यांनी रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरण करावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष शास्त्रीबोवांनी प्रत्यक्ष सत्ताधारी झालेल्या रघुनाथरावांच्या माथी ठेवला, आणि त्या राज्यात राहणे नाकारून ते पुण्याबाहेर पडले. त्यांचा निकाल अंमलात आणणारा एकही शिपाई त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हता. तरीही बारभाईंच्या राजकारणास जे नैतिक अधिष्ठान मिळाले त्यात त्या निकालाचा वाटा होता, हे इतिहास जाणणारा नाकारणार नाही. परंतु हेही तितकेच खरे की रामशास्त्री मागणीप्रमाणे तयार करता येत नाहीत, आणि उघड्या नाल्यावर नैतिक अधिष्ठानाचे झाकण बसत नाही. माझे मत असे की, माणसाच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढावयाचा असेल तेथे प्रसिद्ध केलेला, सभागृहापुढे ठेवलेला आणि ठराविक मुदतीत उत्तर देणे भाग पाडणारा अहवाल पुरतो; पण हद्द, मुदत आणि भरपाई या तीन बाबींत केरळप्रमाणे हुकमाचाच अधिकार पाहिजे.

आणि या अधिकाऱ्याने न्याय करावयाचा तो केवळ फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा नव्हे, हे पूर्व दिल्लीइतके दुसऱ्या कोणत्या भागाने शिकविले नसेल. १९५८ साली स्थापन झालेल्या दिल्ली महानगरपालिकेचे २०१२ साली तीन तुकडे करण्यात आले आणि मयूर विहार पूर्व दिल्ली महानगरपालिकेत गेले. या तुकड्याच्या वाट्याला दाट वस्ती पुष्कळ आणि करउत्पन्न थोडे आले. परिणाम असा झाला की सफाई कामगारांचे पगार महिनोन्महिने थकू लागले, २०१५ पासून पुढे काही वर्षे संपावर संप झाले, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठले, आणि दिल्ली सरकार व महानगरपालिका हे परस्परांस थकबाकीचे आकडे ऐकवीत बसले. त्या दिवसांत मयूर विहारातील गृहिणीची फिर्याद खरी होती, आणि कचरा न उचलणाऱ्या कामगाराचीही खरी होती. ‘तुमच्या प्रभागात कचरा साठला आहे’ अशी नोंद घेऊन झाडूवाल्यास जाब विचारणे म्हणजे एका पीडिताच्या वतीने दुसऱ्या पीडितास मारणे होते. दोन्ही फिर्यादी एकाच दप्तरात बांधून, पैसा कोठे अडला आणि कोणाच्या सहीवाचून अडला, हे जाहीरपणे सांगणारा त्रयस्थ त्या वेळी कोणी असता, तर पगार लगेच झालेच असते असे नाही. पण कारण कोणते आणि सबब कोणती, हे लोकांना कळले असते. २२ मे २०२२ रोजी तिन्ही महानगरपालिका पुन्हा एक झाल्या. एकीकरणाच्या कायद्यात या त्रयस्थासाठी एखादे कलम घालण्याची संधी होती; ती गेली.

शंका घेणारे म्हणतील की, आणखी एक कार्यालय, आणखी एक निवृत्त न्यायाधीश, आणखी एक मोटार, यांनी काय साधणार? शंका अस्थानी नाही. लोकायुक्ताची जागा रिकामी ठेवणे, त्याला कारकून न देणे, त्याचा अहवाल कपाटात ठेवणे, ही संस्था न मारता तिला निष्प्राण करण्याची विद्या आपल्याकडे चांगली अवगत आहे. म्हणूनच नेमणुकीची पद्धत, पद रिकामे राहू नये यासाठीची मुदत, खर्चाची स्वतंत्र तरतूद आणि अहवाल सभागृहापुढे ठेवण्याची तारीख या गोष्टी नियमांवर न सोडता मूळ कायद्यातच लिहाव्या लागतील.

मयूर विहारात आणि दिल्लीच्या इतर भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना म्हणून एवढीच विनंती आहे की, सध्याच्या सभागृहाची पाच वर्षे पुरी होऊन नगरसेवकपदाचे उमेदवार मत मागावयास दारी येतील, तेव्हा रस्ता कधी दुरुस्त करणार असे त्यांना विचारू नये. त्याला उत्तर तयार असते. महानगरपालिकेविरुद्धचे गाऱ्हाणे ऐकणारा, महानगरपालिकेच्या आणि प्राधिकरणाच्याही बाहेरचा अधिकारी नेमण्यास तुमचा पक्ष तयार आहे काय, असे विचारावे. दिल्ली महानगरपालिकेचा १९५७ चा कायदा संसदेने केलेला आहे; तेव्हा हाच प्रश्न पूर्व दिल्लीच्या खासदारासही विचारला पाहिजे, आणि तो लेखी विचारून त्याची पोच घ्यावी.